अदृश्य स्नायूची परीक्षा

दंडाचा स्नायू फुगविला म्हणजे तो पाहणाऱ्यास दिसतो आणि फुगविणाऱ्यास त्याचा अभिमान वाटतो. तालमीतील उस्तादाने शागिर्दाच्या अंगावरून एकवार दृष्टी फिरविली की मेहनतीत कोठे कसर राहिली हे त्यास कळते. परंतु मनुष्याच्या देहात एक स्नायुसमूह असा आहे की तो उभ्या जन्मात कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि तरीही बसता-उठता, खोकता-शिंकता, ओझे उचलता तो क्षणोक्षणी राबत असतो. ओटीपोटाच्या अगदी तळाशी, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत, झोळीसारखा ताणलेला हा स्नायूंचा पडदा होय. शारीरशास्त्रात त्यास श्रोणितल असे नाव आहे. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांना खालून आधार देणे आणि त्यांची द्वारे वेळ येईपर्यंत मिटून धरणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत.

हा पडदा सैल पडला म्हणजे काय होते हे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांस ठाऊक असते. मात्र ते सहसा बोलले जात नाही. खोकल्याच्या उबळीबरोबर लघवी निसटते. कोणाचे ‘अंग बाहेर येते’. मग लांबचा प्रवास, लग्नकार्य, देवदर्शन हळूहळू टळू लागते, आणि कारण विचारल्यास दुसरेच काही सांगितले जाते. बाळंतपणानंतर असे व्हावयाचेच, या समजुतीने पुष्कळ स्त्रिया ते दुखणे जन्मभर मुकाट्याने वागवितात. मावळातील भातखाचरात आषाढसरींत ओणवे राहून लावणी करणारी, डोईवर भारे वाहणारी शेतकरीण असो किंवा पुण्यामुंबईच्या कचेरीत दिवसभर बसणारी कारकून स्त्री असो, या बाबतीत दोघींचे मौन सारखेच आहे. वस्तुतः यावर उपाय आहे, तो शस्त्रावाचून होण्याजोगा आहे, आणि पुष्कळ अंशी तो रोग्याच्याच हाती आहे. अडचण एवढीच की जो स्नायू दिसत नाही तो आपण योग्य रीतीने आवळीत आहोत किंवा नाही, हे ठरवावे कसे?

या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान मावळात, लोणावळ्यास लिहिले गेले आहे.

या स्नायूंचे आकुंचन आपल्याकडे योगाभ्यासाच्या परंपरेत फार पूर्वीपासून ज्ञात होते. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनस्थ योग्याचे जे वर्णन आहे, त्यात मूळबंध, जालंधर व ओढियाणा हे तिन्ही बंध येतात. हठप्रदीपिकेत टाचेने शिवणीवर दाब देऊन गुदभाग आकुंचित करावा व अपानास वर ओढावे, असा मूलबंधाचा विधी दिला आहे. घेरंडसंहितेतील अश्विनी मुद्रेत तेच आकुंचन व प्रसरण पुनःपुन्हा करावयास सांगितले आहे. यावरून आमच्या पूर्वजांनी आधुनिक वैद्यक आधीच सांगून ठेवले होते, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. योग्याचे लक्ष्य कुंडलिनीच्या उत्थापनाकडे होते; बाळंतिणीच्या मूत्राशयाची चिंता त्या ग्रंथांचा विषय नव्हती. शिवाय तेथे पुरावा म्हणजे साधकाचा स्वतःचा अनुभव. गुरूने सांगावे, शिष्याने करावे, आणि आत काय घडले हे शिष्यानेच जाणावे. तिसऱ्या मनुष्यास ते पडताळून पाहण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग शोधण्याचे ज्यांनी मनावर घेतले, ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आलेले गृहस्थ. त्यांचा जन्म १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकाविली होती. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेरास अध्यापन केले. आणि नर्मदातीरी मालसर येथे राहणारे परमहंस माधवदास यांच्यापाशी योगाची दीक्षा घेतली. संस्कृत ग्रंथ, आखाडा आणि गुरुकृपा अशी तिहेरी शिदोरी जवळ असताही त्यांच्या मनात एक चौथी जिज्ञासा जागी होती. योगक्रियेच्या वेळी देहात नेमके काय घडते, हे यंत्राच्या साक्षीने पाहावे असे त्यांस वाटले.

१९२० नंतरच्या काही वर्षांत बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान व नौली या दोन क्रियांवर प्रयोग केले. क्ष-किरणांचा शोध रंटजेन या जर्मन शास्त्रज्ञास १८९५ साली लागला होता. म्हणजे त्या वेळी ते साधन पुरते तीस वर्षांचेही झाले नव्हते. हाड मोडले की नाही हे पाहण्यासाठी वापरावयाचे ते यंत्र योग्याच्या पोटावर रोखण्याची कल्पना मोठी धिटाईची होती. उड्डियानात साधक श्वास पूर्णपणे सोडतो, तो बाहेरच रोखून धरतो आणि छाती फुगविल्यासारखी करतो. तेव्हा पोट पाठीकडे व वर खेचले जाते. नौलीत याच अवस्थेत पोटाच्या मध्यभागीचे दोन उभे स्नायू खांबासारखे पुढे काढले जातात.

नौलीशी जोडलेली एक जुनी क्रिया म्हणजे बस्ती. साधक नाभीइतक्या पाण्यात बसून गुदद्वारात नळी घालतो आणि नौलीच्या योगे पाणी आतड्यात ओढून घेतो. पाणी आपोआप वर कसे चढते, याचे श्रेय परंपरेने अपानवायूस दिलेले होते. कुवलयानंदांनी आतड्यातील दाब दाबमापकाने मोजला. नौलीच्या वेळी तेथील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो, असे त्यांस आढळले. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला म्हणजे आत पोकळी होते आणि बादलीतील रंग त्या पोकळीत शिरतो. तोच न्याय येथे लागू पडतो. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले व तीस ‘माधवदास निर्वात’ असे संबोधिले. गुरूविषयीची निष्ठा आणि गुरूने शिकविलेली क्रिया काट्यावर तोलण्याची तयारी, या दोन गोष्टी त्यांच्या ठायी अशा एकत्र नांदत होत्या.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. स्थळाची निवड अन्वर्थक होती. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाल्यापासून हे घाटमाथ्यावरील गाव मुंबई व पुणे या दोन्ही शहरांच्या हाकेच्या अंतरावर आले होते. आणि तरीही कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांचा तो शेजार साधनेस अनुकूल होता. डॉक्टर व देणगीदार गाडीने येऊ शकत, आणि साधक निवांतपणे राहू शकत. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात एका बाजूस आसनांची व बंधांची वर्णने, तर दुसऱ्या बाजूस क्ष-किरणांची छायाचित्रे व दाबाची कोष्टके छापली जात. गुप्त राखावयाची विद्या अशा रीतीने चारचौघांनी तपासण्याजोगी झाली. स्वामी कुवलयानंदांचे १९६६ साली देहावसान झाले. त्यांची संस्था आजही तेथे कार्य करीत आहे.

तथापि, त्या काळच्या साधनांना मर्यादा होत्या. क्ष-किरणांत हाडे स्पष्ट दिसतात; बेरियमसारखे द्रव्य दिले तर आतड्याची आकृतीही उमटते; परंतु मांसाचे थर एकमेकांपासून निराळे ओळखू येत नाहीत. दाबमापकाने दाब किती हे कळते, पण तो कोणत्या स्नायूने उत्पन्न केला हे कळत नाही. त्यातून हे किरण वारंवार घेणे शरीरास, विशेषतः गर्भवती स्त्रीस, हितावह नाही. श्रोणितलाचा पडदा स्वतः हालताना पाहणे ही गोष्ट अद्याप दूरच होती.

पुढील पाऊल अमेरिकेत पडले. लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसूतीनंतर दुर्बल झालेल्या या स्नायूंसाठी व्यायाम सुचविला, आणि त्याबरोबर एक दाबमापक यंत्रही पुढे मांडले. योनिमार्गात ठेवलेल्या हवेच्या लहानशा फुग्यास दाबदर्शक तबकडी जोडलेली असे. स्नायू आवळला की काटा पुढे सरके, आणि तो रोगिणीस स्वतःस दिसे. केगेल यांच्या पद्धतीचे मर्म येथेच होते. ज्या स्नायूची जाणीवच नाही, त्यास नुसत्या आज्ञेने कामास लावता येत नाही. आपल्या प्रयत्नाचे फळ डोळ्यांसमोर दिसले म्हणजे मेंदू त्या स्नायूचा पत्ता शोधून काढतो.

केगेल यांचे व्यायाम जगभर पसरले. यंत्र मात्र बहुतेक ठिकाणी मागे पडले. ‘लघवी रोखताना जसे आवळता तसे आवळा’ एवढ्या तोंडी सूचनेवर काम भागू लागले. ते खरोखर भागते काय, याची तपासणी अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाली. ४७ स्त्रियांस थोडक्यात तोंडी सूचना देऊन त्यांच्या प्रयत्नाचे मोजमाप घेण्यात आले. त्यांपैकी २३ जणींचा प्रयत्न उत्तम ठरला. उलट १२ जणी अशा रीतीने जोर करीत होत्या की त्यायोगे लघवी निसटण्याचे दुखणे वाढण्याचाच संभव होता. आवळून वर घेण्याऐवजी त्या शौचास बसल्याप्रमाणे खाली कुंथत होत्या. म्हणजे चौघींतील एक स्त्री औषध म्हणून अपायच घेत होती, आणि तेही पूर्ण श्रद्धेने व नियमाने. महिन्यानंतर गुण आला नाही की ती व्यायामास दोष देणार, किंवा स्वतःच्या नशिबास.

हा घोटाळा उघडकीस आणणारे साधन वैद्यकाबाहेरून आले. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले होते. पहिल्या महायुद्धात पॉल लांजेव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच गुणाचा उपयोग करून पाण्याखालील पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी श्रवणातीत ध्वनी वापरला. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्रवणातीत. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी किती वेळाने येतो यावरून जसा खोलीचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे. पुढे धातूच्या पत्र्यांतील तडे शोधण्यास तो उपयोगी पडला. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी असे तडे शोधणारे यंत्र रोगिणींच्या पोटावर लावून पाहिले, आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज घराघरांत परिचित असलेली सोनोग्राफी ती हीच. तीत क्ष-किरण नाहीत, कापाकापी नाही, आणि मांसाचे थर हालते असतानाच पडद्यावर दिसतात.

१९८० नंतरच्या दशकात ही परीक्षा श्रोणितलाकडे वळली. ती दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात मूत्राशय थोडे भरलेले असताना ओटीपोटावर यंत्राची मूठ ठेवितात. स्नायू नीट आवळला तर मूत्राशयाचा तळ वर उचलला जातो. उलटा जोर केला तर तो खाली दबतो. यात वस्त्रे फारशी दूर करावी लागत नाहीत, म्हणून संकोची स्त्रीस हा प्रकार सोयीचा. परंतु मोजमापास हाडाची स्थिर खूण चित्रात सापडत नाही, हे त्याचे उणे. दुसऱ्या प्रकारात मूठ बाहेरूनच शिवणीवर ठेवितात. मग जघनास्थी, मूत्रमार्ग, मूत्राशय, योनिमार्ग आणि मलाशयाचे वळण ही सर्व एकाच चित्रात ओळीने दिसतात. आवळताच मलाशयाचे वळण पुढे व वर सरकते, आणि पडद्यातील फट लहान होते. कुंथताच ती रुंदावते. कुंथताना तिचे क्षेत्र २५ चौरस सेंटिमीटरांहून अधिक झाले तर पडदा प्रमाणाबाहेर फुगतो असे तज्ज्ञ मानतात.

या चित्रांनी एक दुःखद गोष्टही उजेडात आणली. ऑस्ट्रेलियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, योनिमार्गे प्रथम प्रसूत झालेल्या ३९ स्त्रियांपैकी १४ जणींत हा स्नायू जघनास्थीपाशी आपल्या मुळापासून सुटलेला आढळला. अशा स्त्रीस केवळ ‘व्यायामात आळस करता’ असे म्हणणे अन्यायाचे होय. जो दोर खुंटीपासूनच सुटला, तो कितीही ओढला तरी पुरता ताणला जाणार नाही. कोणाचा स्नायू नुसता दुर्बल आहे, कोणाचा सुटलेला आहे, आणि कोण तो उलट्या दिशेने वापरीत आहे, हा विवेक चित्रामुळे शक्य झाला.

आणि येथे लोणावळ्याचा धागा पुन्हा हाती येतो. १९८० नंतर बेल्जियमचे मार्सेल कोफ्रिए यांनी प्रसूत स्त्रियांसाठी एक व्यायामपद्धती पुढे आणली. श्वास सोडून रोखावा, बरगड्या फुलवाव्या, पोट आत खेचले जाऊ द्यावे आणि उदरातील दाब उतरवावा, असे तिचे स्वरूप आहे. उड्डियान ज्यांनी पाहिले आहे त्यांस ही ओळख पटण्यास वेळ लागत नाही. युरोपात व दक्षिण अमेरिकेत तिचा बराच बोलबाला झाला. मग ब्राझिलमधील संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत गर्भाशयादी अवयव खाली उतरलेल्या स्त्रियांचे तीन गट करून श्रोणितलाच्या स्नायूचा आकार सोनोग्राफीने मोजण्यात आला. साधा आकुंचनाचा व्यायाम करणाऱ्या व दाब उतरविणारा व्यायाम करणाऱ्या, अशा दोन्ही गटांत स्नायू पुष्ट झालेला आढळला. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत लक्षणे कमी होण्याच्या दृष्टीने साधा व्यायामच सरस ठरला. योगाभिमानी मनास हा निकाल किंचित बोचेल. परंतु ज्या पुरुषाने नौलीस दाबमापक लाविला, त्याच्या वारसांस निकाल कसाही लागला तरी तो स्वीकारण्याची सवय असावयास हवी. लोणावळ्याने जगास दिलेली गोष्ट हीच होय: क्रिया आपली, गुरू आपला, तरी काटा मात्र तटस्थ.

आपल्याकडे या परीक्षेच्या मार्गात एक निराळीच अडचण उभी आहे, आणि ती आपणच ओढवून घेतलेली आहे. सोनोग्राफीने गर्भातील मुलीचा शोध घेऊन तिचा जन्मापूर्वीच घात करण्याचा व्यवहार इतका माजला की महाराष्ट्रास १९८८ साली, देशात प्रथम, त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे १९९४ साली सर्व देशासाठी कायदा झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार नोंदणीवाचून हे यंत्र ठेवता येत नाही, आणि ते कोणी चालवावे हेही ठरलेले आहे. कायदा आवश्यकच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा की, परदेशात व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ ज्या सहजतेने आपल्या टेबलाशेजारी हे यंत्र ठेवून स्त्रीस तिचा स्नायू दाखवू शकतात, ती सहजता येथे नाही. मुलींच्या जिवावर उठलेल्यांनी हे यंत्र इतके कलंकित केले की मातांच्या सेवेस येण्यासही त्यास पहाऱ्यातून वाट काढावी लागते.

म्हणून प्रत्येक स्त्रीने यंत्र मिळेपर्यंत थांबावे, असे मात्र नाही. जाणत्या स्त्रीरोगतज्ज्ञास किंवा या विषयातील व्यायामतज्ज्ञास साध्या हातांच्या तपासणीनेही आकुंचन योग्य दिशेस होते की नाही हे सांगता येते. आणि तेवढे एकदा ठरवून घेणे हा अर्धा उपचार आहे. पुढचा अर्धा नियमाचा. लघवी निसटण्याच्या दुखण्यात देखरेखीखाली निदान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचने, असा प्रघात ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनात घालून दिलेला आहे. त्यानेही गुण न आल्यास, किंवा प्रसूती अवघड होऊन चिमटे लावावे लागले असल्यास, चित्र काढून घेण्यास अर्थ आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्या जिज्ञासेने एका योग्याने स्वतःच्या विद्येवर क्ष-किरण रोखले, तीच जिज्ञासा आज पडद्यावर एका करड्या रेषेची हालचाल दाखविते. ती रेषा वर उचलली गेली तर प्रयत्न खरा. खाली दबली तर तो सुधारावयाचा. ज्या स्त्रीस आजवर ‘सोसा’ एवढेच सांगितले गेले, तिला आपल्या देहाचे हे उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, याहून त्या जुन्या प्रयोगाचे अधिक सार्थक कोणते?